कोंडाबाईंचं पूर्ण नाव

“पूर्ण नाव सांगा, आजी,” मी तिसऱ्यांदा म्हटलं.

“सांगितलं की. कोंडाबाई वाकचौरे.”

“मधलं नाव?”

“मधी काय ऱ्हातंय? मधी मीच हाय,” असं म्हणून आजींनी तोंडाला पदर लावला आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईकडे बघून हसल्या.

स्त्रियांचा मेडिकल वॉर्ड, सकाळचे दहा, सहा नंबरची खाट. माझ्या हातात औषधाची छोटी वाटी आणि वाटीत एक पांढरी गोळी. उजवीकडे पुण्याहून आलेल्या परीक्षक निमकर मॅडम. त्यांना एकची एसटी पकडायची होती आणि माझ्यामागे अजून नऊ मुली रांगेत होत्या. डावीकडे आमच्याच शाळेच्या परीक्षक पगारे मॅडम. पगारे मॅडम म्हणजे माझी आई.

आज असं चालणार नाही. तेव्हाही चालू नये म्हणून आईनं वर एक पत्र लिहिलं होतं. उत्तर आलं नाही. आमच्या ट्रस्टच्या नर्सिंग शाळेत औषधशास्त्र शिकवणारी तिच्याखेरीज दुसरी कुणी नव्हती, त्यामुळे ती मला शिकवत होती आणि तीच मला तपासणार होती. वर्गात ती मला नावानं हाक मारत नसे. मी चौदा नंबर होते. घरी परत आलं की करुणा. मधल्या दहा मिनिटांच्या रस्त्यात मी नेमकी कोण हे मला कधी कळलं नाही, म्हणून आम्ही तो रस्ता बहुधा गप्प राहून चालत असू.

ही माझी दुसरी खेप होती. पहिल्या खेपेला तोंडी परीक्षेत मला हाफ लाइफ विचारलं. मी म्हणाले, औषध संपायला जेवढा वेळ लागतो त्याच्या निम्मा. परीक्षकांनी विचारलं, म्हणजे दोन हाफ लाइफ झाल्या की औषध संपलं? मी म्हणाले, हो. आई तेव्हा खिडकीबाहेर बघत होती. खरं उत्तर असं की पहिल्या वेळात निम्मं उरतं, दुसऱ्या तेवढ्याच वेळात त्या निम्म्याचं निम्मं, आणि असंच पुढे. हे तिनं वर्गात लिंबाच्या सरबताचा ग्लास अर्धा-अर्धा रिकामा करून दाखवलं होतं. मी तेव्हा औषधशास्त्राच्या पुस्तकात कादंबरी ठेवून वाचत होते. सरबत कुणाच्या वाट्याला आलं तेवढं मात्र लक्षात आहे.

आता दुसऱ्यांदा नापास झाले तर शाळेच्या नियमानं माझं नाव कमी होणार होतं. श्रीरामपूरच्या मावशीनं त्या दृष्टीनं एक स्थळही बघून ठेवलं होतं. मुलाची बेकरी होती. “पाव मोजायला हाफ लाइफ लागत नाही,” असं मावशीचं म्हणणं. गेली वीस वर्षं आईच्या हाताखालून गेलेल्या मुली कुठेकुठे वॉर्ड सांभाळत होत्या आणि तिची स्वतःची मुलगी खारी-टोस्ट सांभाळणार, या विचारानं मावशीला फार वाईट वाटत असेल असं तिच्या आवाजावरून तरी वाटत नव्हतं.

“चौदा नंबर,” आई म्हणाली. “रुग्णाची ओळख पटली का?”

“नाही, मॅडम.”

“मग?”

“विचारते, मॅडम.”

ओळख पटवण्यावर आईचं सगळं औषधशास्त्र उभं होतं. बरोबर रुग्ण, बरोबर औषध, बरोबर मात्रा, बरोबर मार्ग, बरोबर वेळ हे पाच बोटांवर सगळेच शिकवतात. आई अंगठ्यावरून पुढे सरकायलाच दोन तास घ्यायची. “रुग्णाला नाव विचारायचं. सांगायचं नाही. आपण नाव सांगितलं की माणूस हो म्हणतो. आजारी माणूस तर कशालाही हो म्हणतो.” आमचा विश्वास बसेना, तेव्हा ती आम्हाला पुरुषांच्या वॉर्डात घेऊन गेली. एका मिशाळ आजोबांपाशी थांबून तिनं प्रेमानं विचारलं, “आजोबा, तुम्हीच इंदुमती ना?” आजोबा म्हणाले, “व्हय व्हय.” वर पुढे म्हणाले, “कालपास्नं जरा बरं हाय.”

घरीसुद्धा सुटका नव्हती. मला ताप आला तर आई गोळी आणि पाणी घेऊन खाटेपाशी यायची आणि विचारायची, “पूर्ण नाव?” मी म्हणायची, “करुणा शांतवन पगारे.” मगच गोळी. पप्पा पेपरामागून म्हणायचे, “मार्था, घरात एकच पोरगी आहे. तुला काही शंका असेल तर आत्ताच बोल.”

तर मी पुन्हा वाकले. “आजी, तुमच्या मालकांचं नाव सांगा ना.”

“अगं बया,” आजी म्हणाल्या. “मालकाचं नाव घेत्यात व्हय कुनी? चव्वेचाळीस वर्सं झाली, कधी घेतलं न्हाई. लगीन झालं तवा घेतलं त्येवढंच.”

“औषध द्यायचंय म्हणून विचारते, आजी.”

“औषध मला देनार ना? मग त्यांच्या नावाचं काय काम?”

शेजारच्या सात नंबरनं मान डोलावली. “बराबर हाय तिचं.”

निमकर मॅडमनी घड्याळात बघितलं. “अगं, केस पेपर आहे ना समोर? बघून घे आणि दे.”

केस पेपर खाटेच्या पायाशी टांगलेला होता. त्यावर स्वच्छ लिहिलं होतं: कोंडाबाई रंगनाथ वाकचौरे, वय पासष्ट, हृदयाचा आजार, आणि रोज सकाळी डिगॉक्सिनची एक गोळी. डिगॉक्सिन हृदयाचे ठोके सावकाश करतं. आई म्हणायची की या औषधाची उपयोगी मात्रा आणि घातक मात्रा एकाच भिंतीच्या दोन बाजूंना राहतात, आणि भिंत पातळ आहे. मला हे सगळं पाठ होतं. मला हेही माहीत होतं की या वॉर्डात अकरा नंबरच्या खाटेवर आणखी एक कोंडाबाई वाकचौरे आहेत. दोघी एकाच गावच्या, चुलत जावा, एकाच एसटीनं येऊन एकाच दिवशी दाखल झालेल्या. दुसरीच्या केस पेपरवर मधलं नाव वेगळं होतं. ते मी सकाळी वाचलं होतं आणि आता आठवत नव्हतं. फक्त रंगनाथ नव्हतं एवढं नक्की.

तेव्हा मनगटाला नावाची पट्टी बांधायची पद्धत आमच्याकडे आली नव्हती. नाव हे रुग्णाच्या तोंडातूनच यायचं, आणि या तोंडावर पदर होता.

“आजी, निदान गावाचं नाव...”

“गाव दोगींचं येकच हाय, पोरी.”

वाटी वाजायला लागली. स्टीलची होती आणि तिच्यात गोळी होती. निमकर मॅडमनी तक्त्यावर काहीतरी लिहिलं आणि खालून रेघ मारली.

आणि तेव्हा आई बोलली. आवाज तिचाच होता, पण वर्गातला नव्हता; घरातला होता.

“आजी, तुमच्या मालकांचं नाव रंगनाथ ना?”

“व्हय,” आजी म्हणाल्या.

“झालं,” निमकर मॅडम म्हणाल्या. “पटली ओळख. चल, दे गोळी.”

मी आईकडे बघितलं. ती केस पेपर वाचत होती. म्हणजे त्याच्याकडे बघत होती. तेवढ्याशा कागदावर इतकं वाचण्यासारखं काही नव्हतं.

गोळी दिली असती तर मी पास होते. पाण्याचा पेला भरलेला होता, आजींनी तोंडही उघडलं होतं. दोन परीक्षकांपैकी एकीनं विचारलं होतं, दुसरीनं शिक्कामोर्तब केलं होतं. माझ्या जागी कुणीही असती तर तिनं गोळी दिली असती. पण मला ते मिशाळ आजोबा दिसायला लागले.

“आजी,” मी म्हटलं, “की गणपत?”

“व्हय,” आजी म्हणाल्या. “गनपत.”

निमकर मॅडमचं पेन थांबलं.

“रंगनाथ की गणपत, आजी?”

“तुमी म्हनशीला ते. दवाखान्यात वाद घालू नये मानसानं.”

“पण नसेल तर नाही म्हणायचं ना!”

“न्हाई म्हनलं की तुमी इचारनार, मंग कोन?” आजींनी मला समजावून सांगितलं. “मंग घ्यावं लागतंय नाव.”

सगळा वॉर्ड आमच्याकडे बघत होता. आई आता केस पेपरकडेही बघत नव्हती. मी तिच्याकडे न बघता म्हणाले, “मॅडम, मला अजून पाच मिनिटं लागतील.”

“कशाला?” निमकर मॅडमनी विचारलं.

“उखाणा घ्यायला लावते.”

“ही परीक्षा आहे की मंगळागौर?”

त्यांना उत्तर द्यायची वेळ आली नाही, कारण सात नंबरनं उखाणा हा शब्द ऐकला होता. ती उठून बसली. नऊ नंबरची बाई सलाइनचा स्टँड ढकलत आली. “घ्या की वो, कोंडाबाई. उखान्यात चालतंय!” कुणीतरी म्हणालं, मोकळ्या हातानं नाव घेऊ नये, तिला हळदीकुंकू लावा. हळद नव्हती. कुंकवाचा करंडा मात्र तिघींच्या उशाखाली निघाला. आजी “नगं गं, नगं गं” म्हणत पदर सारखा करून, मांडी घालून, ताठ बसल्या. त्या लाजत होत्या, पण इतकी मोठी सभा त्यांना लग्नानंतर मिळाली नसावी. त्यांनी खाकरून घसा साफ केला.

“इस्पितळाच्या चहात पानी जास्त, कमी दूध,
दगडूरावांचं नाव घेते, अजून हाय मला सुध!”

बायकांनी टाळ्या वाजवल्या. नऊ नंबरच्या टाळ्यांनी सलाइनची नळी हेलकावली.

मी टाळ्या वाजवल्या नाहीत. मी केस पेपर पुन्हा वाचला. रंगनाथ.

“दगडूराव?” निमकर मॅडम म्हणाल्या. “म्हणजे या त्या नव्हेत?”

“गोळी परत ठेव, करुणा,” आई म्हणाली.

तिनं आजींचा हात हातात घेतला, मनगटावर बोटं ठेवली आणि दुसऱ्या हातातल्या घड्याळाकडे बघत उभी राहिली. पूर्ण एक मिनिट. टाळ्या कधीच थांबल्या होत्या. हा खेळ नाही एवढं बायकांना कळलं होतं.

“अठ्ठेचाळीस,” आई म्हणाली.

ठोके साठाच्या खाली असतील तर डिगॉक्सिन द्यायचं नाही. हृदयाच्या रुग्णालाही नाही. या आजी तर चक्कर येऊन पडल्या म्हणून दाखल झाल्या होत्या. ठोके आधीच सावकाश पडत होते. ते आणखी सावकाश करणारी गोळी माझ्या वाटीत होती. पुढे काय झालं असतं ते आम्हा तिघींपैकी कुणी बोललं नाही. निमकर मॅडमनी तक्त्यावरची मघाची रेघ दुसऱ्या रेघेनं खोडली.

एवढ्यात मोरीकडून दुसऱ्या कोंडाबाई हातात तांब्या घेऊन आल्या आणि गर्दी बघून थबकल्या. “काय गं? हळदीकुंकू हाय का?”

“ये, ये,” पहिल्या आजी म्हणाल्या. “तुजा मालक मला द्यायला निघाल्या व्हत्या ह्या बाया.”

“घे की,” दुसऱ्या म्हणाल्या. “धा येळा सांगून बी शेळीला पानी पाजत न्हाई. तुला ऐकतो का बघ.”

सगळा उलगडा मग दोन वाक्यांत झाला. दुसऱ्या कोंडाबाईंना पंखा सोसत नव्हता. सहा नंबरची खाट पंख्याखाली होती आणि अकरा नंबरची भिंतीला. पहाटे, रात्रपाळीच्या सिस्टर निघायच्या तयारीत असताना, जावा-जावांनी आपसात खाटा बदलून घेतल्या होत्या. गोधड्या नेल्या, तांबे नेले, भाकरीचं गाठोडं नेलं. केस पेपर मात्र खाटेचा असतो अशी दोघींची समजूत होती, म्हणून तो जागच्या जागी ठेवला.

अकरा नंबरपाशी जाऊन मी पुन्हा म्हटलं, “पूर्ण नाव सांगा, आजी.” मला आता सवय झाली होती. आणि यांना तर आग्रहही करावा लागला नाही. जावेनं घेतलं म्हटल्यावर त्या मागे राहणार नव्हत्या.

“पंखा गरगर फिरतो, अंगाला वारं सोसंना,
रंगनाथरावांचं नाव घेतल्याबिगर शिष्टर गोळी देईना!”

“पुष्कळ झालं,” निमकर मॅडम म्हणाल्या, पण त्या हसत होत्या. मी नाडी मोजली. बहात्तर होती. गोळी दिली, पाणी दिलं, गिळली का ते बघितलं, वेळ लिहिली, सही केली.

वॉर्डात एक चुकांची वही असे. औषध चुकलं, चुकता चुकता राहिलं, की ज्याच्या हातून झालं त्यानं स्वतःच्या अक्षरात लिहायचं असा आईनंच घालून दिलेला नियम होता. विद्यार्थिनी त्या वहीला मरणाच्या भीत. आई टेबलापाशी गेली, खुर्ची ओढून बसली आणि लिहायला लागली.

“अहो, गोळी दिली कुठे?” निमकर मॅडम म्हणाल्या. “लिहायचं काय त्यात?”

“दिली नाही हे पहिल्या ओळीत लिहिलंय,” आई म्हणाली. “आता दुसरी लिहिते.”

दुसरी ओळ मी नंतर वाचली. आमच्या वर्गातल्या सगळ्यांनीच वाचली. ‘रुग्णाची ओळख पटवताना परीक्षकाने रुग्णाच्या तोंडी नाव घातले. रुग्णाने होकार दिला. विद्यार्थिनीने तो मानला नाही. परीक्षक: मार्था शां. पगारे.’ अक्षर नेहमीसारखं, फळ्यावरचं, गोल.

त्या दिवशी घरी जाताना आम्ही तो दहा मिनिटांचा रस्ता नेहमीसारखाच चालून गेलो. मला वाटलं, घरी गेल्यावर ती काहीतरी म्हणेल. घरी गेल्यावर ती म्हणाली, “कपडे वाळत घातलेत, काढ.”

महिन्यानं निकाल लागला. प्रात्यक्षिकाला शंभरपैकी बावन्न. पन्नासला पास. मला आनंद व्हायला पाहिजे होता आणि पाच-सात मिनिटं तो झालाही. मग मी मार्कांची फोड बघितली. निमकर मॅडमनी पन्नासपैकी चौतीस दिले होते. आईनं अठरा.

ती ओट्यापाशी मेथी निवडत होती.

“अठरा?” मी म्हटलं.

“देठ वेगळे टाक. भाजीत आले तर पप्पा खात नाहीत.”

“आई, पन्नासपैकी अठरा? अजून दोन कापले असतेस तर काठावर, तीन कापले असतेस तर मी आज श्रीरामपुरात पाव भाजत असते.”

“नाडी,” आई म्हणाली.

“मोजली की! बहात्तर.”

“अकरा नंबरला मोजलीस. सहा नंबरला?”

मी देठ वेगळे टाकायला लागले.

“डिगॉक्सिन हातात आहे,” आई म्हणाली, “आणि तू पंधरा मिनिटं त्या बाईच्या नवऱ्याच्या मागे. मनगटावर बोटं ठेवायला नाव लागत नाही, करुणा. आधी नाडी मोजली असतीस तर गोळी तिथेच थांबली असती. एकही उखाणा न घेता.”

हे खरं होतं, आणि खरं असल्यामुळे मला जास्त राग आला. “आणि तू? तू रंगनाथ म्हणालीस त्याचं काय?”

“त्याचे माझे मार्क मी कापलेत. वहीत आहे.”

“पण का म्हणालीस? तू? तू तर आजोबांना इंदुमती...”

आईनं मेथीची जुडी उलटी करून झटकली. माती ओट्यावर पडली. ती तिनं हातानं गोळा केली, खिडकीतून बाहेर टाकली, हात धुतले आणि पुसले.

“वाटी वाजत होती तुझी,” ती म्हणाली. “मला तो आवाज सहन झाला नाही. पुन्हा होणार नाही.”

पुन्हा झालं नाही. तिसऱ्या वर्षी मी तिच्यासमोर तीनदा उभी राहिले, तीनदा अडले, आणि तीनही वेळा ती खिडकीबाहेर बघत राहिली. पास होऊन मी नाशिकला नोकरीला लागले. त्या दिवसाबद्दल आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. बोलण्यासारखं बरंच होतं, पण सुट्टीला घरी आलं की काही ना काही निवडायचं असे.

आई या जानेवारीत गेली. दफनविधीनंतर आठवडाभर घरात माणसं येत होती. निम्म्याहून जास्त नर्सेस होत्या: कुणी ड्यूटी संपवून, कुणी ड्यूटीवर जाताना. चौथ्या दिवशी एक मुलगी आली, बाविशीची असेल, हेमांगी नाव. आईच्या शेवटच्या तुकडीतली. मी नाशिकहून आलेली मुलगी एवढंच तिला ठाऊक होतं. नर्स आहे हे ठाऊक नव्हतं. रडून झाल्यावर तिला काय बोलावं ते कळेना, तेव्हा ती आईच्या वर्गातल्या गोष्टी सांगायला लागली. मिशाळ आजोबांची सांगितली. मग म्हणाली, “आणि ती कोंडाबाईंची. ती तर मॅडम पहिल्याच तासाला सांगायच्या. दोन्ही उखाण्यांसकट.”

“काय होती ती?” मी विचारलं.

तिनं पहिल्यापासून सांगितली. पंखा, खाटा, दगडूराव, सगळं बरोबर होतं. कुंकवाचे करंडे तीनचे पाच झाले होते. “मॅडम म्हणायच्या, चूक मी केली होती, मुलींनो. मी, परीक्षक. आणि एका मुलीनं माझं ऐकलं नाही. मग म्हणायच्या, तुम्हीसुद्धा माझं ऐकू नका.”

“मुलगी कोण होती?”

“ते नाही सांगायच्या. होती एक, म्हणायच्या.” तिनं कपात दुसरं बिस्किट बुडवलं. “पण त्यांना त्याची एक रुखरुख होती बघा. म्हणायच्या, तिला मी पन्नासपैकी पन्नास द्यायला हवे होते. माझा हात धजला नाही.”

मी तिच्या कपात चहा ओतत होते. “असं कधी म्हणाल्या?” मी विचारलं.

“दरवर्षीच म्हणायच्या,” ती म्हणाली. “ताई, बास, बास, सांडतोय.”